पायाला विचारू

गाडीत बसायच्या आधी ती चपला काढायची. गाडी कुणाचीही असो, नवी कोरी असो नाहीतर गंजानं पत्रा खाल्लेली, आधी दार उघडायची, चपला काढून जमिनीवर जोडीनं ठेवायची आणि मगच आत पाय टाकायची. लातूरला नांदेड रोडनं तुमचं येणं-जाणं असेल तर तुम्हीही बघितलं असेल, लक्षात राहिलं नसेल एवढंच. रस्त्याकडेला उभी गाडी, दाराखाली बायकी चपलांची जोडी आणि गाडीखालून बाहेर आलेले एका माणसाचे पाय. गाडीखालचे पाय तिच्या नवऱ्याचे. आत क्लचवर ठेवलेला पाय तिचा.

त्यांच्या गॅरेजला लागून माझं पिको-फॉलचं दुकान. मध्ये भिंत म्हणून एकच पत्रा. त्यांच्याकडे पाना पडला तर माझी सुई दचकायची, आणि माझ्याकडे गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर पलीकडून तिचं हसू ऐकू यायचं. इतक्या जवळून मी तिला बघितलं आहे.

नाव लिहीत नाही. "तुझ्यावर चार ओळी लिहू का गं?" असं मी विचारलं होतं. तर म्हणाली, "लिव्हा की मावशी. पर नाव नका घालू. लोकं मला बघाय येतील, अन् गाडी घरी ठिवून येतील. काय उपेग?"

नवरा मिस्त्री. क्लच आणि ब्रेक यातला जाणकार. माणूस भला, पण बोलायला लई कंजूष. पत्र्यापलीकडून दिवसभर मला त्याचे तीनच शब्द ऐकू यायचे. "दाब." थोडा वेळ शांतता. "धर." पुन्हा शांतता. "सोड." सुरुवातीला मला वाटलं, बायकोला हुकूम सोडतोय. मग एक दिवस तिनंच मला नेऊन दाखवलं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांचा क्लच तेलावर चालतो. दोन पिचकाऱ्या एका नळीनं जोडल्या आहेत असं समजा. पायानं वरची दाबली की तेल नळीतून खालच्या पिचकारीत जातं, ती पुढे सरकते, आणि मग गिअर पडतो. मिस्त्री लोक त्यांना वरचा सिलेंडर आणि खालचा सिलेंडर म्हणतात. त्या नळीत हवा शिरली की सगळा खेळ खलास. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली झोपून बारीकशी चावी सैल करायची. फुस्स करून हवा जाते, चावी आवळायची, मग पाय सोडायचा. चुकीच्या वेळी पाय सुटला की गेली ती हवा परत आत.

"म्हंजे तू दिवसभर नुसती दाबत बसतीस?"

"नुसती कुठं, मावशी? पायाला विचारत बसते."

हे तिचं ठरलेलं वाक्य. गाडी आली, मालकानं रडगाणं सुरू केलं की ती हात वर करायची. "थांबा, पायाला विचारू." अनवाणी बसायची, डोळे मिटायची नाही की काही नाही, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत हळूच पाय खाली न्यायची. मग खाली नवऱ्याला सांगायची, "फुगा हाय." म्हणजे नळीत हवा आहे. "चिखल हाय" म्हणजे दाबून धरलेला पाय आपोआप खाली रुतत चालला आहे, आतलं रबर गेलं. "दगड हाय" म्हणजे काहीतरी अडकलंय. मी एकदा विचारलं, चांगलं पेडल कसं असतं गं? म्हणाली, "मळलेल्या कणकीवानी. दाबलं की जातंय, पर मागं बी ढकलतंय."

चपला का काढतेस म्हटलं तर म्हणे, "चपलीला काय कळतंय?"

तिचा हा पाय घराबाहेरही गप्प बसत नसे. एकदा आम्ही दोघी औश्याला लग्नाला निघालो होतो, एसटीनं. ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. बघते तर ड्रायव्हरनं गिअर बदलला की हिचा डावा पाय खाली दाबतोय. शहर सुटेपर्यंत तिनं तग धरला, मग माझ्या कानाशी लागली, "मावशी, ह्या बशीचा क्लच लई बेजार हाय." औश्याला उतरताना मी किती पदर ओढला तरी ड्रायव्हरला सांगूनच उतरली, "दादा, क्लचचं तेल बघून घ्या बरं का." ड्रायव्हरनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही तिकीट काढलंय न्हवं?" लग्नात जेवताना आम्ही दोघी त्यावरच हसत होतो.

आणि गंमत अशी, की एवढे क्लच दाबणारी ही बाई गाडी चालवत नव्हती. येत नव्हती असं नाही. नवऱ्यानं हौसेनं तिला शिकवली होती, रविवारी बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात. लायसनही काढून दिलं होतं. ते तिनं घरात बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलं होतं. "तिथंच बरं हाय ते," म्हणायची. रस्त्यावर एकटीनं गाडी काढायचा विषय निघाला की तोंड फिरवायची. "मी बसते त्या गाड्या जाग्यावर हुभ्या असतात, मावशी. हालत्या गाडीची मला सवय न्हाई."

गाडी हलवायचं काम नवऱ्याचं. तुम्हाला ठाऊक असेलच, आमच्याकडे गाडी दुरुस्त झाली म्हणजे झाली असं नसतं. मिस्त्रीनं स्वतः ट्रायल घ्यायची असते. चौकापर्यंत जायचं, वळसा घालून यायचं, उतरायचं आणि मग मालकाच्या हातात चावी द्यायची. त्याशिवाय मालक चावीला हात लावत नाही. नवरा ट्रायलला गेला की ती चपला घालून शटरशी उभी राहायची, तो वळसा घालून दिसेपर्यंत.

मग नवऱ्याच्या पाठीनं दगा दिला. मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, उताणं पडून आराम करायचा, वजन उचलायचं नाही, आणि गाडीखाली झोपायचं तर नावच काढायचं नाही. शटर पडलं. पत्र्यापलीकडचे ते तीन शब्द बंद झाले, आणि खरं सांगते, माझ्या मशीनची लयच गेली. पायाला त्या आवाजाची सवय लागली होती हे मला तेव्हा कळलं.

जागेचे मालक म्हातारे, स्वभावानं वाईट नव्हते. ते माझ्याच दुकानात येऊन तिला म्हणाले, "पोरी, बंद शटर मला बघवत न्हाई. ज्यूसवाला मागं लागलाय जागेसाठी. दिवाळीपातुर मी दम धरतो. गॅरेज चाललं तर तुझंच हाय. न्हाई चाललं तर मग मला बोल लावू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर शटर उघडं. ती एकटी, नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर घालून, पाने पुसत बसलेली. "काय करायलीस गं?" म्हटलं. "गॅरेज उघडलंय," म्हणाली. बस्स, एवढंच.

उघडलं खरं, पण गाड्या टिकेनात. थांबायच्या, काच खाली व्हायची, "मिस्त्री हाय का?"

"मिस्त्री घरी हायत. मी हाय की. बघू का?"

"तुम्ही? बरं बरं. येतो मागून."

मागून कुणी आलं नाही. एका मोटारवाल्यानं तर कमाल केली. तिच्याकडे बघितलं, माझ्या पाटीकडे बघितलं आणि म्हणतो कसा, "बाई, साडीचं काम शेजारी हाय ना? मला गाडीचं विचारायचंय." मला राहवलं नाही. आतूनच ओरडले, "साडीचं मी बघते, गाडीचं ती बघती. तुमचं काय बिघडलंय ते सांगा!" तो गेला. ती मात्र पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि ते पुसणं हसण्याचंच होतं असं मी धरून चालले.

असे दिवस चालले होते. दिवाळी जवळ येत होती, आणि ज्यूसवाला मधूनमधून येऊन टेप लावून जागा मोजून जात होता.

एके दिवशी सकाळी रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ झाला. क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या स्कूट्या, टेम्पो, रिक्षा सगळं तुंबलं होतं आणि मधोमध एक पांढरी गाडी. गिअरच पडेना. लोकांनी ढकलत ढकलत ती गाडी नेमकी गॅरेजच्या तोंडाशी आणून सोडली. आतून उतरला एक जाडजूड गृहस्थ, पांढरे कपडे, पण कोपरापर्यंत लालसर झालेले. धर्माबादचा मिरचीचा व्यापारी. त्यानं दार उघडलं तशी मला माझ्या दुकानात शिंक आली. मग तिला आली. मग ढकलणाऱ्या सगळ्यांना आली, आणि गर्दी आपोआप पांगली.

"मिस्त्री कुठंयत, अम्मा?" त्याची बोली तिकडची, तेलुगू वळणाची.

"मीच."

त्यानं रस्त्याच्या या टोकाकडे बघितलं, त्या टोकाकडे बघितलं. गाडी तर हलत नव्हती. "बरं," म्हणाला, आणि माझ्या दारातल्या स्टुलावर बसला. "प्लेट बदलायची म्हणून राहिलेत सगळे. नायगावला म्हटले, नांदेडला म्हटले. गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हटले. मी म्हटलं, सीझन तरी होऊ द्या."

"चढावर ओढती का गाडी?"

"ओढते ना. पोती भरून ओढते."

"मग प्लेटला कशाला बोल लावायचा? प्लेट गेली असती तर इंजन नुसतं आरडलं असतं, गाडी म्होरं गेली नसती. तुमचा गिअर पडत न्हाई. रिव्हर्सला करकर करतीय का?"

"लई! सकाळी तर पेडल मारून मारून पाय दुखतो, मग पडतो गिअर."

"थांबा. पायाला विचारू."

तिनं चपला काढल्या, जोडीनं ठेवल्या. तो गडबडून उठला. "अय्यो, चपला घाला अम्मा! मिरची आहे आत!" तोवर ती बसलीही होती. त्याच्या गाडीत पायाखाली एक घडी घातलेली वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, सुबक टाक्यांची. मिरचीची पूड खालच्या कार्पेटात शिरू नये म्हणून त्याच्या आईनं शिवून दिलेली.

तिनं पाय दाबला. पेडल सरळ तळाला गेलं. भराभर दाबलं तर वर आलं, पण धरून ठेवलं तसं पुन्हा रुतत खाली. "चिखल," ती स्वतःशीच म्हणाली. उतरून बॉनेट उघडलं. तेलाची डबी जवळजवळ रिकामी.

"तेल घालता का?"

"सारखं घालावं लागतं. तेच तर कोडं आहे ना! गाडीखाली एक थेंब पडत नाही. एका मिस्त्रीनं सांगितलं, इंजिन पिऊन राहिलंय."

"ह्या तेलाला इंजनाकडं जायला वाटच न्हाई," ती म्हणाली आणि सतरंजी टाकून गाडीखाली शिरली.

मी दारात येऊन उभी राहिले. खालून टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरला. खालचा सिलेंडर कोरडा. नळी कोरडी. उलट जुनी धूळ बसलेली, म्हणजे तिथून कधी गळलंच नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. एवढ्या दिवसांनी एक गाडी लागली हाताला, तीही थांबली म्हणून नाही, चालेना म्हणून. आणि तिचंही उत्तर सापडेना. तो गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागला. ज्यूसवाला नेमका तेव्हाच पलीकडच्या टपरीवर चहा पीत उभा.

ती पुन्हा जाऊन बसली. यावेळी पेडलला हात नाही, पाय नाही. नुसती बसून राहिली. मी बघत होते तिच्या पायाकडे. अंगठा वाकळेवर घासला. मग टाच घासली. मग पुन्हा अंगठा.

"मावशी," ती म्हणाली, "हिकडं या. वाकळंला हात लावा."

वाकळीचं म्हटल्यावर मी गेले. हात लावला. ओली म्हणावी तर ओली नाही, कोरडी म्हणावी तर बोटाला बुळबुळ. खायच्या तेलाची नव्हे, वेगळीच. आणि आमच्या धंद्यातली नजर म्हणा, मला दुसरंच दिसलं. वाकळीतल्या एका हिरव्या तुकड्याचा रंग फुटून शेजारच्या पांढऱ्यात शिरला होता. पाण्यानं असा फुटत नाही. तसं मी म्हटलं.

तिनं वाकळ उचलली. नुसती उचलतानाच कळलं, भिजलेली वाकळ जड असते. खालचं कार्पेट चिंब, आणि पेडलच्या दांडीचा रंग सालीसारखा सोललेला. तिनं पेडलच्या मागे वर हात घातला, जिथून दांडी सिलेंडरात शिरते तिथं, आणि ओलं बोट बाहेर काढून आम्हाला दाखवलं.

"सापडलं. वरचा सिलेंडर मागल्या बाजूनं गळायलाय. तेल भायेर पडतच न्हाई, आत पडायलंय. अन् इंजन न्हाई पीत, तुमच्या आईची वाकळ पितीय."

आता बघा कसं झालं होतं. प्रत्येक मिस्त्री गाडीखाली झोपून बघत होता, आणि खाली काही नव्हतंच. आत कुणी फार वेळ टिकत नव्हतं, शिंकत बाहेर पळायचे. तेलाचा वास येईल म्हणावं तर मिरचीपुढे कुठला वास येतो? आणि घडी घालून ठेवलेली कुणाच्या आईची वाकळ, ती आपण होऊन कोण उचलेल? बुटाला तर बुळबुळ लागतच नाही. तिचा पाय उघडा होता म्हणून लागली.

त्या गृहस्थानं कपाळाला हात लावला. "माझी अम्मा तर दर महिन्याला विचारते, वाकळ धुवायला कधी आणतोस. मी म्हणतो, पुढच्या खेपेला."

एवढ्यात ही किंचाळून एका पायावर उभी. मिरची! तेलात भिजलेली मिरची टाचेला चांगलीच झोंबली होती. बादलीकडे धावली, मी ओरडले, "पाणी नको, आणखी पेटंल! दही लाव!" माझ्या डब्यातलं दही तिच्या पायाला गेलं. दही थापलेला पाय लांब करून शटरपाशी बसली आणि हसायला लागली. "पायाला विचारलं मावशी, तर पायानं आरडून सांगितलं!"

नवा सिलेंडर स्पेअरच्या दुकानातून आला. तो बसवायला दुपार गेली. डोकं खाली, पाय वर, अशा अवतारात ती पेडलापाशी घुसून होती, आणि तो गृहस्थ माझ्याकडे बसून माझी भाकरी खात मला मिरचीच्या जाती सांगत होता. त्याची शंका अजून पुरती गेली नव्हती. घास तोंडात ठेवून मान वळवून बघायचा.

सिलेंडर बसला. आता नळीतली हवा काढायची होती. तिनं माझ्या दाराशी येऊन विचारलं, "मावशी, तुमचा पाय द्या."

"माझा?"

"मशीनवर आयुष्य गेलं तुमचं. तुमच्या पायाला दाबणं अन् सोडणं कुनी शिकवायचं?"

मी चपला काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या त्या सीटवर बसले, पदर खोचून. ती खाली गेली. नवऱ्याला घरी फोन लावून, तो मोठ्या आवाजावर करून बॉनेटवर ठेवला होता, त्याचा जीव राहत नव्हता म्हणून. खालून चावीचा आवाज ऐकू आला मात्र, फोनमधून हुकूम आला, "दाब." मी दाबलं. खालून ओरडणं, "कोन म्हनलं दाबा? माझी चावी कुठं आवळलीय!" मी घाबरून सोडलं. फोन म्हणाला, "सोडू नका!" मी परत दाबलं. तेल उडून तिच्या बाहीवर.

ती गाडीखालून अर्धी बाहेर आली आणि फोनकडे बघून म्हणाली, "आवं, एका गाडीला दोन मिस्त्री हुत न्हाईत. तुम्ही निवांत पडा."

फोन हळूच म्हणाला, "बरं. नुसतं ऐकतो."

मग तिचा आवाज आला, खालून, शांत. "दाबा." मी दाबलं. पायाखाली फुगा. "धरा." फुस्स. "सोडा." पुन्हा. दाबा, धरा, सोडा. माझ्या मशीनची हरवलेली लय मला त्या गाडीत सापडली. एकेका वेळेला फुगा लहान होत गेला आणि मग एकदा पायाला वेगळंच लागलं.

"मावशी, कसं लागतंय?"

"कणीक," मी म्हटलं. "गं, कणीक!"

ती बाहेर आली, तोंड काळं, दात पांढरे. गाडीची चावी काढून त्या गृहस्थापुढे धरली. त्यानं हात मागे घेतला.

"ट्रायल?"

तिनं चावी आणखी पुढे केली.

"मिस्त्रीनं ट्रायल घेतल्याशिवाय मी चावी घेत नाही अम्मा. आमच्याकडे पद्धत आहे."

आमच्याकडेही तीच पद्धत, हे ती विसरली होती की विसरायचं ठरवून बसली होती, कुणास ठाऊक. चावी तिच्या हातात तशीच. समोर नांदेड रोड दुथडी भरून वाहतोय, क्लास सुटलेले, स्कूट्यांची रांग संपत नाही. म्हटलं असतं तर त्या गृहस्थानं स्वतःच चालवून बघितली असती. पण मग तो मिस्त्रीकडून गाडी घेऊन गेला असं झालं नसतं. तिला ते कळत होतं. चहाच्या टपरीवरून बघणाऱ्यांनाही कळत होतं.

बॉनेटवरचा फोन चालूच होता. त्यातून आवाज आला.

"जा."

हुकमाचे म्हणून मी त्या माणसाच्या तोंडून तीनच शब्द ऐकले होते. हा चौथा.

तिनं पर्स उघडून आत काहीतरी चाचपलं. लायसन! शटर उघडलं त्या दिवशीच तिनं ते फोटोमागून काढून आणलं होतं, मला कळूही दिलं नव्हतं. चपला काढल्या, जोडीनं ठेवल्या, दही वाळलेला पाय आत घेतला. गाडी सुरू झाली. रिव्हर्स पडला. त्या गृहस्थानं कान पुढे केला होता. "अय्यो," म्हणाला, "आवाजच नाही!"

गाडी मागे आली, रस्त्याला लागली, जरा थबकली, आणि गेली.

आम्ही उभे. चौकातून वळसा घालून यायला लागतो तेवढा वेळ झाला. गाडी दिसेना. त्यापेक्षा जास्त झाला. तरी दिसेना. त्या गृहस्थाचा जीव वरखाली. "अम्मा, परत येतात ना त्या?"

"न येऊन जाईल कुठं?" मी म्हटलं. "चपला हितं हायत की."

म्हटलं खरं, पण माझेही डोळे रस्त्यावरच. रस्त्यावर काही दिसेना म्हणून मग मी त्या चपलांकडे बघत बसले. अंगठ्यापाशी झिजलेल्या, डावी जास्त.

शेवटी आली, आणि चौकाच्या बाजूनं नव्हेच, उलट्या बाजूनं. हॉर्न वाजवत. गाडी जागेवर लावली, उतरली, चपलांत पाय घातले, चावी दिली.

"कुठं गं गेली होतीस? जीव टांगणीला लावलास!"

"घरावरनं आले," म्हणाली. "खिडकीखाली हॉर्न वाजवला. त्येंनी उठून बघितलं, मावशी. आपल्या पायानं उठून."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मिरचीच्या बाजारात बोलणं पसरायला वेळ लागत नाही. दिवाळीच्या आधीच धर्माबादच्या, नायगावच्या गाड्या यायला लागल्या, दार उघडलं की मला शिंक. ज्यूसवाल्यानं टेप आणणं बंद केलं. पुढे नवऱ्याची पाठ सुधारली तशी डॉक्टरांनी बसायची मोकळीक दिली, आणि मग पत्र्यापलीकडून मला ऐकू यायचं ते असं: "दाबा." शांतता. "धरा." शांतता. "सोडा." खाली ती, वर तो, पाठीमागे उशी. त्यालाही तिनं चपला काढायला लावल्या होत्या.

मग गिऱ्हाईकंच म्हणायला लागली, इतक्या लांब लातूरला कशाला, नांदेडलाच या की. त्या मिरचीवाल्या गृहस्थानंच तिथं मोक्याची जागा बघून दिली. ती दोघं गेली. जाताना मला म्हणाली, "मावशी, पत्र्यावर थाप मारली तर आता ऐकू यायचं न्हाई बरं." शेवटी ज्यूसवाल्याला जागा मिळालीच. आता पत्र्यापलीकडे मिक्सर असतो. त्याला लय नाही.

गेल्या महिन्यात भर दुपारी दुकानासमोर एक गाडी थांबली. दार उघडलं, एक अनवाणी पाय बाहेर आला, डांबराला टेकला आणि चटका बसून परत आत गेला. मी ओळखलं.

"चपला कुठंयत गं?"

तिनं वाकून गाडीखाली बघितलं, सीटखाली बघितलं, मग माझ्याकडे. "नांदेडला ऱ्हायल्या, मावशी. गॅरेजच्या म्होरं. बसताना काढल्या अन् तशीच निघाले."

"नांदेडपासनं अनवाणी? एकटी?"

"गाडीत होते की. पायाला कुठं काय लागलं?"

मी माझ्या चपला तिला दिल्या, घालून आत आली. साड्यांना फॉल लावायचे होते, आणि त्या गृहस्थाच्या आईनं माझ्यासाठी मिरची पाठवली होती. धुतलेल्या वाकळीचा एक तुकडा पुरचुंडीला बांधलेला, हिरवा रंग फुटलेला तोच. चहा झाला, हसणं झालं, ज्यूस महाग आहे की वाईट यावर बोलणं झालं. "चपला घालून जा माझ्या," मी बजावलं. "हाव हाव," म्हणाली.

मी मिरची आत ठेवून बाहेर आले तोवर गाडी गेलेली. गर्दीत मिसळलेली, ओळखू न येणारी. रस्त्याच्या कडेला, जिथं गाडीचं दार उघडलं असेल तिथं, माझ्या चपला होत्या. जोडीनं ठेवलेल्या.